टिलीबर्नचा काळा कळप

अ‍ॅबरडीनकडच्या शेतकऱ्यांना त्यांच्या नावाने कोणी हाक मारत नाही, शेताच्या नावाने मारतात. बॅकहिलचा मालक तो बॅकहिल. एल्सपेथ गॉल्डचा नवरा जिवंत होता तोवर तो टिलीबर्न होता. तो गेला, शेत तिच्याकडे आलं, पण नाव त्याच्याबरोबर मातीत गेलं. ती उरली ‘जॉर्जची विधवा’. हे तिला फार झोंबायचं.

मग बाई हट्टाला पेटली. मिश्र जनावरं विकून तिने खाटकाच्या वाटेवरची एक म्हातारी अस्सल अँगस जातीची काळी गाय आणली आणि तिच्या कालवडींवर शुद्ध काळा कळप वाढवायला घेतला. त्यातला वळू पर्थच्या नामांकित वळूबाजारात उभा करायचा आणि आपण टिलीबर्न म्हणवून घ्यायचं, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं.

बऱ्याच वर्षांनी तसा गोऱ्हा जन्मला. रुंद पाठ, आखूड पाय, नजर काढावी असा. पण गाय माजावर असताना थंडीने दगडी बांध ढासळला होता आणि शेजारच्या बॅकहिलचा काळा संकरित वळू आत शिरला होता. तिचा स्वतःचा वळूही तिथेच होता. बाप कोण, हे देवच जाणे.

बॅकहिल बांधावर रेलून म्हणाला, “माझा वळू काही साक्ष द्यायला जात नाही. मीही जाणार नाही. वंशावळीत तुझ्याच वळूचं नाव घाल आणि मोकळी हो.”

“आणि चुकलं तर?”

“कोणाला कळणार आहे?”

“मला कळलंय ना,” एल्सपेथ म्हणाली.

तिने गोऱ्हा खच्ची करून घेतला. त्या दिवशी ती जेवली नाही. बॅकहिलने मात्र गावभर सांगितलं, “विधवेने सोन्याला सुरी लावली.”

पुढे अ‍ॅबरडीनच्या हिवाळी प्रदर्शनात त्याच बैलाने मोठा चषक मारला. ग्लेनार्डी म्हणजे त्या मुलखातला सर्वांत खडूस पशुपालक. त्याने बैलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि कडाडला, “असं जनावर खच्ची कुठल्या गाढवाने केलं?”

“मी केलं. बापाची खात्री नव्हती.”

आजूबाजूचे हसले. ग्लेनार्डी हसला नाही.

फेब्रुवारीत ती पर्थला आपल्या कळपातला विकायचा पहिला वळू घेऊन गेली. तो त्या बैलाचा धाकटा भाऊ होता, जरा साधाच, पण बापाची पक्की खात्री असलेला. रिंगणात तो फिरला आणि बोली चढतच गेली. मुरलेले पशुपालक मागे हटले, ग्लेनार्डी हटला नाही. हातोडा त्याच्याच बोलीवर पडला.

“त्याच्यापेक्षा देखणे होते की,” बॅकहिल पुटपुटला.

“देखणे ढीगभर मिळतात,” ग्लेनार्डी म्हणाला. “या बाईने लिहिलेला बाप खराच बाप असतो.” मग त्याने हात पुढे केला. “टिलीबर्न, पुढच्या वर्षीचा वळू मला दाखवल्याशिवाय विकायचा नाही.”

एल्सपेथने सवयीने मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं. तिने त्याचा हात घट्ट दाबला आणि म्हणाली, “दाखवीन. पण बोली लावावी लागेल.”