हात उचलला होता

व्हर्लिन श्रेडर आठवडाभर सहकारी संस्थेच्या शेडमध्ये मक्याची कापणीयंत्रं दुरुस्त करायचा आणि शुक्रवारी संध्याकाळी काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा सदरा घालून शाळांच्या अमेरिकन फुटबॉल सामन्यांत कडेचा पंच म्हणून उभा राहायचा. नेब्रास्काच्या त्या पश्चिम पट्ट्यात शुक्रवारी दुसरं काही नसतंच. त्याचा जोडीदार ऑर्व्हिल पॅक समोरच्या कडेला असायचा. दोघं एकाच गाडीतून जायचे, वाटेत भांडायचे आणि परतताना पुन्हा तेच भांडण उकरून काढायचे.

कडेच्या पंचाचं काम म्हणजे डोळ्यांत तेल घालून पाहणं. चेंडू मागे दिला जाण्याआधी हल्ला करणाऱ्या संघातलं कोण हललं? मागचा एखादा गडी आडवा पळत असेल तर चालतं. तो पुढे सरकला तर पिवळा रुमाल टाकायचा, पण खेळ चालू द्यायचा. पुढच्या फळीतल्या दांडग्या गड्यांचं मात्र वेगळं. त्यांनी एकदा हात जमिनीला टेकला की चेंडू हलेपर्यंत तो उचलायचा नाही. उचलला, की तिथल्या तिथे रुमाल आणि शिटी. मग पुढे जे होईल ते झालंच नाही असं धरायचं.

"तुझी शिटी म्हणजे दगडावरची रेघ," ऑर्व्हिल म्हणायचा. "बायकोच्या वाढदिवसालाही मागे घेणार नाहीस!"

त्या नोव्हेंबरात शेजारच्या हॅलॉक गावाचा संघ बऱ्याच वर्षांनी उपांत्य फेरीत पोचला. फळीत कोल्बी यान्सेन होता, शाळेच्या शेवटच्या वर्षाचा, खांदे दरवाजाएवढे. त्याचा बाप केंट कर्करोगानं पार खंगलेला. गोलरेषेमागे गाडी लावून, घोंगडं पांघरून, नाकात प्राणवायूची नळी घालून तो सामना बघत होता. बायको डार्ला शेजारी बसली होती. गावात सगळ्यांना ठाऊक होतं, केंटचा हा शेवटचा सामना.

हॅलॉक चार गुणांनी मागे होतं. शेवटचे काही क्षण, शेवटची संधी, गोलरेषा एक यार्डावर; पार केली की सहा गुण. संघ वाकला. कोल्बीनं बोटं गवतात रोवली. आणि चेंडू हलण्याआधी, पापणी लवावी तेवढ्यात, त्याचा हात वर आला.

व्हर्लिनची शिटी वाजली. गर्दीच्या आवाजात कुणाला ऐकूच गेली नाही. चेंडू घेतलेला पोरगा कोल्बीच्या पाठोपाठ रेषेपार गेला, माणसं कुंपणावरून उड्या टाकून आत आली, केंटच्या गाडीचा भोंगा वाजत राहिला. मग लोकांना रुमाल दिसला.

शिक्षा म्हणून पाच यार्ड मागे. पुन्हा मिळालेल्या संधीत पोरं रेषेच्या अलीकडेच पडली. संपलं.

"मी हललो नाही, सर," कोल्बी हेल्मेट काढून म्हणाला. व्हर्लिन वळून गाडीकडे चालू लागला. पंचानं बोलायचं नसतं.

गाडीत ऑर्व्हिल म्हणाला, "मीही पाहिला. वीतभर उचलला त्यानं. तुझं बरोबर होतं."

"माहीत आहे," व्हर्लिन म्हणाला. त्या दिवशी दोघं भांडले नाहीत.

दोन आठवड्यांनी केंट गेला. दफनानंतर चर्चच्या तळघरात हॅमचे सँडविच आणि कॉफी होती. व्हर्लिन आत शिरला तशी टेबलाभोवतीची माणसं गप्प झाली. डार्लानं मात्र उठून त्याचा हात धरला. "आलात, बरं वाटलं. केंट शेवटपर्यंत म्हणत होता, माझा पोरगा हललाच नाही, पंच आंधळा होता. मनावर घेऊ नका हं."

व्हर्लिननं घेतलेलं सँडविच तसंच ठेवलं. तो कोट घ्यायला जिन्यापाशी गेला, तर कोल्बी तिथेच उभा. बापाचा सूट त्याला खांद्यात आवळत होता.

"सर, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार."

"मी हात उचलला होता का?"

व्हर्लिननं आयुष्यात एकदाही रुमाल मागे घेतला नव्हता. पण समोर बाप पुरून आलेलं पोर होतं, आणि बाप जाताना एक गोष्ट धरून गेला होता. ती आपण कशाला हिसकावून घ्यायची?

"नाही रे," तो म्हणाला. "माझीच चूक झाली. मला चुकीचं दिसलं."

कोल्बी त्याच्याकडे बघत राहिला. राग नव्हता. काहीतरी विझत गेल्यासारखा चेहरा.

"मला माहीत आहे मी उचलला ते," तो हळूच म्हणाला. "बाबा नाही म्हणाले, आई नाही म्हणते, कोच नाही म्हणतात. सगळे माझी समजूत काढतात. वाटलं, तुम्ही तरी सांगाल. मग मी रडून मोकळा झालो असतो." आणि तो जिना चढून गेला.

व्हर्लिन त्याच्यामागे धावला नाही.

नाताळाआधीच कोल्बी शाळा सोडून उत्तर डकोटात तेलाच्या विहिरींवर कामाला गेला. व्हर्लिननं डार्लाकडून नंबर घेतला. कितीदा तरी फोन हातात घेऊन ठेवून दिला. शेवटी शेडमध्ये एकटा असताना लावला.

"कोल्बी, मी श्रेडर बोलतोय. तू हात उचलला होतास. मी पाहिला होता. ऑर्व्हिलनंही पाहिला."

पलीकडे यंत्राची घरघर आणि वारा.

"आता काय उपयोग, सर," कोल्बी म्हणाला. आवाज थकलेला, मोठ्या माणसाचा. "आता तुम्ही काहीही म्हणालात तरी मला वाटणार, माझ्यासाठीच म्हणताय." मग म्हणाला, "आईच्या हीटरकडे कुणीतरी बघायला हवंय. जमलं तर बघा." आणि फोन ठेवला.

व्हर्लिन त्याच दुपारी जाऊन हीटर नीट करून आला.

ऑगस्टमध्ये ऑर्व्हिलचा फोन आला. "पहिला सामना ठरलाय. शुक्रवारी तुला घ्यायला येऊ ना?"

"नको रे. तू दुसरा कुणीतरी बघ."

"अरे, तुझ्यासारखी नजर कुणाची आहे इथे?"

"नजरेला काही झालेलं नाही," व्हर्लिन म्हणाला. "त्या पोराशी खोटं बोलून दगडावरची रेघ मीच पुसली."