ठाण्याच्या खाडीपुलाचा एकच फोटो

लिहायचं लिहायचं म्हणत महिना गेला. कोणी विचारलं की सांगायचो, शाई संपलीय. खरं म्हणजे लिहायला बसलो असतो तर फोटो कसा आलाय तेही सांगावं लागलं असतं.

बेत ठरला माईमुळे. माई म्हणजे आईची मावशी, मुरबाडला असते. तिचं लग्न गिरगावात लागलं आणि वऱ्हाड आगगाडीने कल्याणपर्यंत आलं. ठाण्याची खाडी आली तसा सगळा डबा खिडक्यांशी गेला. पण नवरीने मान वर करायची नाही, म्हणून माईने पूल नुसता ऐकला. पुढे माहेर पांगलं आणि ती मुरबाडबाहेर पडेनाशीच झाली. आता मोतीबिंदू वाढतोय. ऑपरेशनचं नाव काढलं की उठून आत जाते. "अजून माणसं ओळखू येतायत, तोवर तो पूल दाखव रे," म्हणाली.

दाजींचा बॉक्स कॅमेरा मागून घेतला. फिल्म कल्याणच्या बाजारात मिळते, आठ फोटोंची. डोंबिवलीकराला ठाण्याला जायचं तर कल्याण उलट्या दिशेला, तरी गेलो. तिथे गवताच्या बैलगाड्यांची रांग लागलेली, तिचे दोन काढले. मग ठाण्याला उतरून मिठागरांकडे वळलो. मिठाच्या पांढऱ्या राशींचे चार, आणि राशीवर चढून बसलेल्या कोंबड्याचा एक. उरला एकच.

तुम्ही जाणार असाल तर ठाणे स्टेशनातून पूर्वेला उतरून चेंदणीच्या बंदरावर चालत जा. भरती बघून जा, ओहोटीला नुसता चिखल. खिशात चणे असू द्या. पुलावर मात्र चढू नका. मी चढलेलो. पहारेकरी म्हणाला, "कॅमेरा घेऊन इथं नाय. पाण्यातनं काढ. पाणी माझ्या ताब्यात नाय."

बंदरावर इनास नावाचा होडीवाला भेटला. "आठ आने. पन नारल माजे," म्हणाला.

"कसले नारळ?"

"चल, बघशील."

पुलापासून जरा लांब त्याने होडी धरली. दगडी खांब, मधला लोखंडी गाळा, पलीकडे पारसिकचा डोंगर. गाडी आली आणि खिडक्यांतून हात बाहेर निघाले. कोणी खाडीला नमस्कार केला, कोणी पैसा टाकला, कोणी फुलं. एक नारळ धप्पकन पाण्यात पडला. इनासने तो वल्ह्याने ओढून घेतला.

"इनासदादा, तुम्ही तर चर्चला जाणारे. देवाचा नारळ चालतो?"

"पान्यान परला तं देवाचा, होरीन परला तं माजा."

"हा तर पाण्यात पडलेला."

"ह्यो पवत आला."

पुढची मेल आली. कॅमेरा पोटाशी धरला, वरच्या काचेत पूल चिमुकला दिसत होता. गाडी बरोबर मधल्या गाळ्यावर पोचली, मी कळ दाबली, आणि नेमका तेव्हाच इनास दोन्ही हात वर करून उभा राहिला. नारळ झेलला त्याने. फिल्म संपली.

फोटोत इनास फार छान आलाय. पुलाचं म्हणाल तर त्याच्या काखेतून एक खांब आणि दीड डबा दिसतो. तोच मुरबाडच्या एसटीवरच्या ओळखीच्या कंडक्टरबरोबर माईला पाठवला. उत्तर नाही.

मला विचाराल तर, गाडी गेल्यावर खांबांत मागे राहते ती घरघर अजून कानात आहे. होडीत बसलं की ती पोटापर्यंत येते. बघायला गेलो आणि मलाही पूल ऐकूच आला.

एवढं लिहितोय तोच दारात टांगा थांबला. आई बाहेर धावली. उतरतेय ती चक्क माई. एका हातात फोटो, दुसऱ्या हातात पिशवी. ओसरीवर टेकायच्या आधीच मला म्हणाली, "ह्या माणसामागे आहे ना पूल? मग चल, त्याला जरा बाजूला सरकायला सांगू."

पिशवीत दोन नारळ आहेत. मी विचारलं, दोन कशाला?

"एक खाडीला. दुसरा त्याच्या हातात दे, मेल्याला उठायला नको."