माफीचे सात मसुदे

थोरल्या भावाची माफी मागायला मला सात मसुदे लागले.

गुन्हा तसा किरकोळ! मुलीच्या लग्नात टोपी-टॉवेलाच्या आहेरासाठी माईकवरून सगळ्यांची नावं पुकारली, फक्त बिलोलीच्या दादाचं राहिलं. (यादी माझ्याच हातची!) दादा न जेवता मांडवातून निघून गेला, तो दोन वर्षं बोलला नाही. आता उद्यावर मुलाचा साखरपुडा आलेला, आणि दादाशिवाय तो मला नको होता.

नुकतंच आम्हा शिक्षकांचं एआयचं प्रशिक्षण सुरू झालं होतं. "सूचना लिहा, उत्तर तपासा, सूचना सुधारा!" शनिवारी दुपारी मी मोबाईल उघडून लिहिलं, 'माझ्यामुळं दादाचं नाव राहिलं. त्यानं मला सायकलवर डबल सीट शाळेत नेलं आणि मी त्यालाच विसरलो. लाज वाटते. माफीचं पत्र लिहून दे.' उत्तर आलं, 'आदरणीय बंधू, आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' जणू उद्या नळाला पाणी येणार नव्हतं!

तपासायला उमरीची आक्का, आमची थोरली बहीण. तिचा राग थेट दादाच्या वळणाचा. सूचना आणि उत्तर, दोन्ही तिला पाठवून मी फोन लावला.

"वरचं लई चांगलं हाय," आक्का म्हणाली. "खालचं कलेक्टरनं लिहिल्यावानी वाटून राहिलं."

"आक्का, वरची नुसती सूचना गं! पत्र खाली आहे!"

(तिला यातलं काय कळतंय, असं मी ठरवून टाकलं.)

मग सुधारणा सुरू झाल्या. 'सायकल काढ, फार जागा खाते.' 'नम्रता वाढव.' 'नम्रता कमी कर, मी मुख्याध्यापक आहे.' 'चूक मंडपवाल्याची वाटली पाहिजे.' सातवा मसुदा असा उतरला की दादानंच माझी माफी मागावी!

"आक्का, हा फायनल. पाठवू का दादाला?"

"तू कशाला? येतील तसे समदे मीच धाडले की त्याला. वरचंबी अन् खालचंबी."

मी तिचा फोन ठेवला. दादाला फोन लावला. दोन वर्षांनी त्यानं उचलला.

"पहिलं, ते सायकलचं, वाचलं अन् रडू आलं रे," दादा म्हणाला. "हाय तसा तुझ्याकडं यायला नांदेडच्या गाडीत बसलो."

"मग कुठवर आलास, दादा?"

"वाटंत नरसीला चहाला उतरलो. तिथं तुझं सातवं आलं. आता माघारी बिलोलीला निघालो." फोन ठेवता ठेवता म्हणाला, "मंडपवाल्याला सांग, माफ केलं म्हणून."

साखरपुडा दादाविना झाला. फार लागलं मला ते, अजून लागतं.

सातवा मसुदा मी प्रशिक्षणाच्या समारोपात दाखवला. उत्कृष्ट सुधारणेबद्दल माईकवरून माझं नाव पुकारलं आणि टोपी-टॉवेल देऊन माझा सत्कार केला!