मागच्या सीटवरची शांतता

शववाहिका चालवणाऱ्या त्या माणसाला सगळे मौनी म्हणत. गाडीत बसला की तोंड उघडायचा नाही. हॉर्न नाही, रेडिओ नाही, साधी शीळसुद्धा नाही. "तुमच्या गाडीतल्या एकानेही कधी तक्रार केली नाही," त्याची बायको म्हणायची, "म्हणून स्वतःला फार मोठे ड्रायव्हर समजू नका."

तो हसायचा. पण एक गोष्ट त्याने बायकोलाही फार उशिरा सांगितली. मागे जिवंत माणूस असलं की ड्रायव्हरच्या मानेला ते कळतं. ते गप्प असलं तरी कळतं. शववाहिकेत मात्र मागून जी शांतता यायची तिला वजन असायचं. ती मानेवर येऊन बसायची. सुरुवातीला तो भर उन्हातही मफलर गुंडाळायचा. पुढे सवय झाली.

तो निवृत्त झाला, बायको गेली, मग मुलीला मुलगी झाली. मुलीची रजा संपली तेव्हा नात जेमतेम मान धरू लागली होती आणि पाळणाघर पार दुसऱ्या टोकाला होतं.

"मी नेत जाईन," मौनी म्हणाला.

"बाबा, तिच्याशी बोलाल ना वाटेत?"

"तिला तरी कुठे येतंय बोलता?"

मुलीने आपल्या गाडीतली बाळाची सीट काढून त्याच्या छोट्या जुन्या गाडीत मागे बसवली. बाळाचं तोंड मागच्या काचेकडे, म्हणजे धक्का बसला तरी कोवळ्या मानेला हिसका नको. ऑफिसला उशीर होत होता. तिने पट्टा ओढला, सीट हलवून पाहिली, हलली नाही, झालं. या गाडीचा बाक वेगळ्या उताराचा आहे, त्यावर तीच सीट जास्त उभी राहते, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. त्यात गारठा होता, म्हणून नातीला गुबगुबीत जाकीट घातलेलं आणि पट्टे जाकिटावरूनच लावलेले.

नदीकाठच्या रस्त्याला धुकं होतं. मागून थोडा वेळ बडबड आली, मग थांबली. झोपली असेल, मौनीला वाटलं. त्याने आरशात पाहिलं. धुक्यात मागे एका गाडीचे दिवे होते. तिच्या मागे आणखी एक. मग आणखी.

त्याने वेग कमी केला. त्यांनीही केला. त्याने कडेला घेऊन वाट दिली. पुढे कोणी आलं नाही, कोणी हॉर्न वाजवला नाही.

ही रांग त्याच्या ओळखीची होती. आयुष्यभर ती त्याच्या मागून येत आली होती, अशीच अंतर राखून, दिवे लावून. पण आज तो आपल्या घरच्या गाडीत होता. मग हे लोक चाललेत कुणाच्या मागे?

आणि तेव्हाच मानेवर ते वजन येऊन बसलं.

त्याने करकचून ब्रेक दाबला, धावत जाऊन मागचं दार उघडलं. सैल पट्ट्यांत जाकिटासकट नात खाली घसरली होती. हनुवटी छातीवर टेकलेली, ओठ निळसर. त्याने बकल सोडवलं, तिला उचललं, मान सरळ केली. काही नाही. तो पाठ चोळत राहिला आणि जन्मात ओरडला नव्हता तसा ओरडला, "अगं ए! ए बाळा! आजोबा आहे गं, ए!"

तिने एक मोठा हुंदका घेतला. मग टाहो फोडला.

तिला छातीशी धरून तो रस्त्यावरच बसला. थोड्या वेळाने त्याने मागे वळून पाहिलं. रस्ता मोकळा होता. त्याला ओलांडून एकही गाडी गेली नव्हती आणि तिथे वळायला जागाही नव्हती.

त्याने रुग्णवाहिका बोलावली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "मान पुढे पडली, त्याने श्वासाची वाट दबली. वेळेवर उचललंत." मुलगी धावत आली, आधी त्याच्यावर चिडली, मग स्वतःवर, मग दोघं रडली.

पुढे दोघांनी मिळून सीट परत बसवली. सीटच्या बाजूवर आखलेली रेघ जमिनीला समांतर येईपर्यंत ती मागे कलवली. मुलीने गुडघ्याने सीट दाबून धरली आणि मौनीने पट्टा खेचला. जाकीट काढून पट्टे खांद्यांलगत आणले, दोन बोटांच्या चिमटीत पट्ट्याची घडी धरता येईना इतके आवळले, वरून पांघरूण घातलं. नातीच्या समोर, बाकाच्या पाठीला एक छोटा आरसा लावला, पुढून तिचा चेहरा दिसावा म्हणून.

"पण बाबा, तुम्ही थांबलात कसे? तेव्हा तर हा आरसा नव्हता."

"मान आखडली होती," तो म्हणाला.

गाड्यांची गोष्ट त्याने तिला कधीच सांगितली नाही. मी शेजारी, मला सांगितली, तीही जिन्यात, माझ्याकडे न बघता.

त्यानंतर मौनी गाडीत अखंड बोलू लागला. दुकानांच्या पाट्या वाचायचा, सिग्नलला शिव्या द्यायचा, बेसूर गायचा. नात आता मोठी झाली, सीटही मोठी आली, तोंड पुढे झालं. एकदा मी त्यांच्याबरोबर होतो. बोलता बोलता तो थांबला आणि गाडीत अगदी सामसूम झाली. त्याचा हात नकळत मानेकडे गेला.

मागून लगेच आवाज आला, कोणी काही विचारलं नसताना.

"मी आहे, आजोबा."