उत्तरासाठी थांबणारे आजोबा

अमेरिकेतल्या आमच्या अख्ख्या क्युपर्टिनो गावात ‘हाउ आर यू?’ हा प्रश्न खरोखर विचारणारा माणूस एकच होता, आणि ते म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरचे चिनी आजोबा. बाकीचे लोक हा प्रश्न चालता चालता टाकतात आणि उत्तर यायच्या आत पुढे गेलेले असतात. आजोबा विचारून समोर उभे राहत. चीनमधल्या कुठल्याशा शाळेत कवायत शिकवण्यात त्यांची हयात गेलेली, त्यामुळे आवाज मैदानभर पोचणारा आणि उभं राहणं सावधानमधलं. सकाळी पळायला निघालेला एक गोरा तरुण त्यांच्या तावडीत सापडला, तो आपल्या गुडघ्याची साद्यंत हकिकत सांगूनच सुटला. पोस्टमन तर त्यांना लांबून पाहिलं की आधी समोरची बिल्डिंग उरकून घ्यायचा.

सत्तरी उलटल्यावर ते मुलाकडे कायमचे राहायला आले आणि लायब्ररीतल्या इंग्रजीच्या वर्गात दाखल झाले. तिथे मी विनामोबदला शिकवायची. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, नोकरीची परवानगी नाही, दिवसभर घरात करणार काय? आजोबांना भूतकाळच मान्य नव्हता.

“यस्टर्डे आय गो मार्केट,” ते ठणकावून सांगत.

“वेन्ट,” मी म्हणायची.

“यस्टर्डे ऑलरेडी से यस्टर्डे! व्हाय ‘गो’ आल्सो चेंज?”

चिनीत क्रियापदं अशी बदलत नाहीत म्हणे. हा वाद वर्ग सुटल्यावरही आमच्याबरोबर घरापर्यंत चालत यायचा.

त्या हिवाळ्यात सांगलीला माझे बाबा गेले. व्हिसाचे कागद अडकलेले, मला जाता आलं नाही. ओळखीच्या काकू-मावश्या डबे घेऊन आल्या. “कशी आहेस गं?” म्हणाल्या. मी “ठीक आहे” म्हटलं आणि डबे घासून परत केले. मग एका सकाळी जिन्यापाशी आजोबा भेटले, हातात भाजीची पिशवी.

“हाउ आर यू, टीचर?”

“फाइन.”

ते जागचे हलले नाहीत. “नो. आय वेट.”

“माय फादर...” मी सुरुवात केली, आणि इंग्रजी तिथेच संपलं. मग रडत रडत मराठीतच सांगत सुटले. बाबांचा खोकला, त्यांचं रोज सायकल पुसणं, फोनवर “तू जेवलीस का?” एवढंच विचारून रिसीव्हर आईकडे देणं. आजोबांना यातलं अक्षर कळत नव्हतं, पण पिशवी खाली न ठेवता ते ऐकत राहिले. माझं सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं,

“युवर फादर इज गुड मॅन?”

‘वॉज’ माझ्या ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, “यस. ही इज.”

“गुड,” ते म्हणाले, पिशवीतून पातीच्या कांद्याची एक जुडी काढून माझ्या हातात दिली आणि ताठ मानेने घरात गेले.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही पार्कात रोज फिरायला जाऊ लागलो. उभे राहत सावधानमध्ये, पण चालायचे मात्र आजोबा रमतगमत. पुढे त्यांच्या मुलाला टेक्ससमध्ये नोकरी लागली आणि ते सगळे तिकडे गेले. मी पार्कात जातच राहिले. त्यांच्यासारखीच रमतगमत चालायची, आणि मागून येणारी माणसं मला ओलांडून पुढे निघून जायची.