नारळाच्या पाण्यात बुडालेला कॉम्प्युटर

माझा पहिला कॉम्प्युटर सुरू होण्याआधीच बुडाला. तोही नारळाच्या पाण्यात!

आमच्या सिहोऱ्याकडे नांगर येवो की सायकल, नवी वस्तू घरात आली की तिची पूजा आधी. बाबांनी नागपूरहून तो आठ बिटांचा, रबरी बटणांचा विलायती कॉम्प्युटर आणला, तेव्हा आईने त्यालाही पाटावर बसवलं, भरभरून हळदकुंकू वाहिलं आणि शेजारीच नारळ फोडला. पाणी थेट बटणांवर. मी धावत जाऊन टीव्हीला वायर जोडली. पडदा काळा ठिक्कर.

आता माझी पंचाईत बघा. ‘लंडनचा कॉम्प्युटर येऊन राहिला’ अशी दवंडी मी आठवडाभर शाळेत पिटली होती. संध्याकाळी अर्धं गाव आमच्या ओसरीवर येणार होतं.

चुलतभावाने पेचकस आणून झाकण उघडलं. आत पाणी होतंच, पण त्याहून वाईट निघाला प्रोसेसर. माझ्याकडच्या मासिकात लिहिलं होतं, अस्सल यंत्रात झेड-एटी नावाची चिप असते. आमच्या चिपवर भलतंच नाव, भलताच नंबर. चुलतभाऊ आनंदाने नाचायला लागला.

"काकाजी, तुमाले फसवलं ना जी! डबा नकली, अन् आतला मेंदूबी नकली!"

मी भोकाड पसरलं. बाबांनी मात्र यंत्र उचललं आणि अंगणात वाळत घातलेल्या धानाशेजारी उन्हात ठेवलं. बाबा दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या गावनाटकात, राणीचं काम करत. त्यापायी त्यांची मिशी कधी वाढलीच नाही.

"परवा राणी कोण होती बे?" त्यांनी विचारलं.

"तुमी."

"मंग तिचं लेकरू मेलं तवा तू काहून रडला?"

मी बाहीला नाक पुसलं.

"सोंगाले त्याचं गाव नाई पुसत, बाबू. थे उभं झाल्यावर काय करते, थे पाह्य."

संध्याकाळी ओसरी भरली. मी देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. पडदा पांढरा झाला! मासिकात अस्सल यंत्रासाठी छापलेला प्रोग्रॅम टाइप केला. एक बटण कुंकवाने असं चिकटलं होतं की दोनदा दाबावं लागे. मग पडद्यावर एकेक ठिपका उमटत वर्तुळ घडू लागलं. फार हळू.

"एवढ्या टाइमात तं भात शिजते," मागून एक म्हातारी म्हणाली.

वर्तुळ जुळलं आणि टाळ्या पडल्या. चुलतभाऊ तेवढा घुश्शात म्हणाला, "चौकोन काढून दाखव!"

गेल्या आठवड्यात माळ्यावरून तो डबा काढला आणि पुन्हा जोडला. ते बटण अजून दोनदाच दाबावं लागतं. बाबा आता थकलेत, खुर्ची ओढून शेजारी बसले. वर्तुळ पूर्ण होईपर्यंत पापणी लवली नाही त्यांची. मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले,

"काहून बे, याचं सोंग अजून उतरलंच नाई?"