हातभरभाऊंचा तलाव

हातभरभाऊंचे हात अंगाला लागून असलेले मी आयुष्यात दोनदाच पाहिले. एरवी ते कायम हवेत, एकमेकांपासून लांब, आणि दोन तळव्यांच्या मधल्या जागेत एक मासा. तो मासा कालच जाळ्यातून निसटलेला असे, नाहीतर परवा सापडलेला पण नेमका कोणीच न पाहिलेला. "हातभर मरळ होती गा, हातभर!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यावरूनच त्यांना हे नाव पडलं. मतदानाच्या दिवशी त्यांचं खरं नाव पुकारलं गेलं की आम्ही पोरं इकडेतिकडे बघायचो, हा कोण नवीन माणूस म्हणून.

आमचं गाव गडचांदूरच्या पुढे, जिवतीच्या डोंगरांच्या पायथ्याशी. एका अंगाला तलाव, दुसऱ्या अंगाला सिमेंट कारखान्याची चुनखडीची खाण. ढिवर मोहल्ला, म्हणजे मच्छीमारांची वस्ती, तलावावर जगायचा आणि आमच्यासारखी घरं खाणीवर. माझे बाबा खाणीत डंपर चालवायचे. भाऊ आमचे शेजारी आणि मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष. दुसऱ्या कोणाला ते पद नको होतं म्हणून ते वर्षानुवर्षं त्यांच्याकडे राहिलं होतं, पण भाऊ मात्र सांगायचे की समोरच्या उमेदवाराचं डिपॉझिट जप्त झालं.

सकाळी तलावावरून येताना ते आमच्या अंगणात थांबत आणि पळसाच्या पानात गुंडाळलेली मरळ आईच्या हाती देत. ती वीतभर असायची. "आज लहानच सापडली, बाई. मोठी होती, पन तिच्या पोटात अंडी होती. सोडून देल्ली." आई तोंड वळवून हसायची. मोठी नेहमी सोडून दिलेली असायची. पण अंड्यावरची मासोळी ते खरंच सोडत, हे मी तलावाच्या पाळीवर बसून कितीदा तरी पाहिलं होतं. खऱ्या गोष्टीवरही कोणाचा विश्वास बसू नये, अशी सोय त्यांनी स्वतःच करून ठेवली होती.

त्यांची लेक मोहर्लीला दिली होती. तिकडे देशोदेशीचे लोक वाघ बघायला येतात. भाऊ लेकीकडून परतले की आम्ही त्यांना घेरायचो, आता वाघ केवढा सांगतात ते ऐकायला. भाऊ खांदे उडवत. "पाह्यला वाघ. ठीक होता. आपल्या तलावातली मरळ पाहान त वाघाले विसरून जासान." वाघाच्या वाट्याला त्यांचे हात कधी आले नाहीत.

कारखान्याशी त्यांचं वैर नव्हतं. बाबा कधी कधी मुद्दाम छेडायचे, "काय भाऊ, खाण बंद करायची का?" त्यावर भाऊ म्हणत, "काऊन बंद करता बाप्पा? माह्या घराले शिमेट तुमचंच लागलं. तुमी गोटा फोडा, आमी मासोळी धरतो." मग स्वतःच्या दोन खोल्यांच्या घराकडे बोट दाखवून ते घर तीन मजल्यांचं व्हायचं राहिलं, असं सांगत.

हा समझोता एका उन्हाळ्यात मोडायला आला. खाण वाढणार होती आणि वरची माती टाकायला कारखान्याला जागा हवी होती. जागा ठरवण्याआधी साहेब लोक तलाव पाहायला येणार, असा कोतवालाने निरोप आणला. कशासाठी येणार ते त्याला माहीत नव्हतं, आणि ढिवर मोहल्ल्यात कोणी विचारलंही नाही. साहेब येतो तो जाळी तपासायलाच येतो, ही त्यांची पिढीजात समजूत. बारीक छिद्रांच्या जाळीवर बंदी, आणि तशी जाळी एखाददुसरी सगळ्यांकडेच. भाऊंनी अध्यक्ष म्हणून हुकूम सोडला आणि सारा मोहल्ला कामाला लागला. वाळत घातलेली जाळी घरात गेली. डोंगे, म्हणजे लाकडी होड्या, बेशरमच्या झुडपांत ढकलून वर फांद्या टाकल्या. सुकवायला ठेवलेले झिंगे उचलले, पाळ झाडून काढली, बायकांनी सडा टाकून रांगोळीसुद्धा काढली.

साहेब आले, चहा प्याले. एकाने विचारलं, "इथे मासेमारी चालते का?" भाऊ छाती काढून पुढे झाले. "नाई जी. कोनीच नाई करत. आमी त्यातले नाई." साहेबांनी मान डोलावली, गाड्या निघून गेल्या, आणि मोहल्ल्यात गूळ वाटला गेला.

पुढे ग्रामसभेत ग्रामसेवकाने सांगितलं तेव्हा सगळ्यांना कळलं. तलाव कोणाच्याच वापरात नाही, असं पाहणीत दिसलं होतं. खाणीची माती तिथेच टाकायचं ठरत होतं. आक्षेप असेल तर जनसुनावणीत सांगा, म्हणे. सभेत सगळ्यांच्या माना भाऊंकडे वळल्या. भाऊ उठले आणि घरी गेले.

त्यानंतर त्यांचे हात खाली आले ते आलेच. सकाळी मरळ आणून देत आणि नुसतंच म्हणत, "घ्या बाई." मोठी सोडल्याचं नाही, काही नाही. आईला ते सहन होईना. "यांना दवाखान्यात तरी न्या," ती बाबांना म्हणाली. तलाव बुजला तर शेजार उठणार होता आणि खाण अडली तर आमची चूल विझणार होती. त्या दिवसांत आमच्या घरात कोणी धड जेवत नव्हतं.

सुनावणीचा मांडव शाळेच्या मैदानात पडला. एका बाजूला कारखान्याची माणसं, त्यांत बाबाही. दुसऱ्या बाजूला ढिवर मोहल्ला. गावातली पोट्टी नोकऱ्या मागत होती, शहरातून आलेले दोघे-तिघे घोषणा देत होते, आणि सुनावणी घ्यायला आलेल्या सरकारी मॅडम कपाळ दाबून सगळ्यांचं ऐकून घेत होत्या. भाऊंचं नाव पुकारलं तसा मागून खसखस पिकली. आता हात पसरणार, सगळ्यांनी ओळखलं होतं.

भाऊ हात अंगाला लावून उभे राहिले, शाळेतल्या पोरासारखे.

"मॅडम, मी खोटा मानूस हावो. साऱ्या गावाले मालूम हाये. ते डोंगे म्याच लपवाले लावले. इथी कोनी मासोळी नाई धरत, हे म्याच सांगतलं. आमाले वाटलं तुमी जाळे पाहाले येऊन राह्यले. आता खरं सांगतो, त कोन मानन?"

मॅडमनी विचारलं, "मग केवढे मासे मिळतात या तलावात?"

भाऊंचे हात आपसूक वर गेले. पसरले. क्षणभर ते तसेच राहिले, मग हळूहळू जवळ आले, अजून जवळ, आणि वीतभर अंतरावर थांबले.

"एवढी," भाऊ म्हणाले. "याच्याहून मोठी म्या भी नाई पाह्यली. पन हिच्यावरच आमचा मोहल्ला जगून राह्यला जी."

कोणी हसलं नाही. मला रडू आलं. हातभर मरळ गावात कोणीच खरी मानली नव्हती, तरी ती अशी भर मांडवात मेलेली बघवेना. मॅडम मात्र उठल्या. "चला, दाखवा."

भर उन्हात सगळा मांडव तलावाकडे निघाला. साहेब येऊन गेल्यापासून धास्तीने बेशरमच्या झुडपांतच ठेवलेले डोंगे ओढून काढले. एकात मुंग्यांनी वारूळ केलं होतं, तेही मॅडमना दाखवून झालं. मोहल्ल्यातल्या बाया-माणसांनी मोठं जाळं पाण्यात फिरवलं. ओढायला माणसं कमी पडत होती, तेव्हा कारखान्याच्या रांगेतले बाबा चप्पल काढून पाण्यात शिरले आणि त्यांनी दोर धरला. साहेबांच्या देखत. आईने पदर तोंडाला लावला. जाळ्यात निघाले ते वीतभर रोहू, बोटभर झिंगे, थोडी मरळ. मॅडम वाकून बघत राहिल्या. बंदीची जाळीही त्यांना दिसली असणार, पण त्या काही बोलल्या नाहीत.

निकाल यायला पावसाळा गेला. खाणीतला दगड संपलेला जुना खड्डा होता, माती त्यात भरायची ठरलं. खाण चालू राहिली, तलावही राहिला. ग्रामसेवकाने सांगितलं तेव्हा बाबा पायरीवर बसले आणि किती तरी वेळ नुसते हसत राहिले. आईने त्या दिवशी दोनदा जेवायला वाढलं. असं हलकं मला त्यानंतर क्वचितच वाटलं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात हाक आली. पळसाच्या पानात वीतभर मरळ.

"आज लहानच सापडली, बाई. मोठी होती..." आणि भाऊंचे हात पसरले. पसरतच गेले.

"एवढी?" बाबांनी विचारलं.

"याच्याहून मोठी! हात पुरत नाई गा!"

आई हसता हसता डोळे पुसायला लागली. तलाव वाचला यावर माझा विश्वास खऱ्या अर्थाने तेव्हा बसला.

मी आता चंद्रपूरला असते. गेल्या हिवाळ्यात भाऊ झोपेतच गेले, म्हातारपणाने. मी पोचले तेव्हा तिरडी अंगणात होती आणि कोणीतरी त्यांचे दोन्ही हात अंगाला लावून सरळ ठेवले होते. ते बघवत नव्हतं. काय चुकलंय ते सगळ्यांना दिसत होतं, पण कोणी पुढे होईना. शेवटी बाबा वाकले आणि त्यांनी ते हात उचलून छातीवर ठेवले, तळव्यांत थोडं अंतर ठेवून.

मग मागून यमुनाबाईंचा, भाऊंच्या बायकोचा, रडून बसलेला आवाज आला.

"याच्याहून मोठी होती म्हना. अजून दूर करा."

बाबांनी हात अजून दूर केले.